‘दीवार लेखन – 1’: इंदूरमधल्या एका भिंतीचं प्रकरण

आमचं भिंतीवरचं चित्र पुसलं गेलं त्या दिवशीच्या सरकारी अहवालात त्याची नोंद आहे. रकान्याचं नाव ‘दीवार लेखन’, संख्या 1. शेजारी पोस्टर, बॅनर आणि अन्य असे आणखी तीन रकाने. 34 फूट लांब, 10 फूट उंच, नऊ जणांनी अकरा रविवार उन्हात उभं राहून काढलेलं चित्र त्या एका आकड्यात संपलं. तो कागद मी स्वतः पाहिला, आणि तेव्हापासून हे सगळं नीट लिहून ठेवायचं मनात होतं. राग आता ओसरला आहे. शहरात दुसऱ्या कुणी भिंतीवर ब्रश टेकवण्याआधी हे वाचलं तर त्याचे अकरा रविवार वाचतील, एवढ्यासाठी लिहिते आहे.

भिंत इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतली, रामबागेपासून पायी दहा मिनिटांवर. एका सरकारी कार्यालयाच्या आवाराची ती मागची बाजू. कार्यालयाचं नाव देत नाही. ज्यांच्या हाताखाली हे घडलं ते बदलून गेले, आणि आज जे तिथे आहेत त्यांनी निदान आम्हाला खुर्ची दिली, पाणी विचारलं.

चित्राआधी त्या भिंतीची अवस्था गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. खाली पानाच्या पिंका, मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिराती, वर मूळव्याधीच्या खात्रीशीर इलाजाचे फोन नंबर. संध्याकाळी सात नंतर बायका त्या बाजूने जातच नसत, कारण पुरुष तिथे उभे राहायचे. आणि हे स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात. 2016 च्या पहिल्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर 25 वं होतं. 2017 मध्ये पहिलं आलं आणि पुढे 2023 पर्यंत पहिलंच राहिलं, त्या वर्षी सुरतेसोबत. सकाळी पिवळी गाडी आली की आमच्याकडची चार वर्षांची पोरंसुद्धा ओला आणि सुका कचरा वेगळा करून देतात. मला या शहराचा अभिमान आहे आणि या प्रकरणानंतरही तो तितकाच आहे. पण मागच्या भिंती सगळीकडेच मागे राहतात.

ज्या सर्वेक्षणाने हे शहर बदललं, त्यात पिंकांच्या जागांना ‘रेड स्पॉट’ आणि उघड्यावर लघवीच्या जागांना ‘यलो स्पॉट’ म्हणतात, आणि त्यांचे गुण कापले जातात. त्याच सर्वेक्षणात पूल, जुनी वस्ती, सार्वजनिक जागा यांच्या सुशोभीकरणाला गुण असतात. म्हणून उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि नाल्याकाठच्या भिंतींवर इंदूरभर चित्रं आहेत, त्यातली काही खरोखर चांगली आहेत. म्हणजे शहराचं चित्रांशी वैर मुळीच नाही. ज्या चित्राचा कागद असतो ते सुशोभीकरण ठरतं, आणि ज्याचा नसतो ते विद्रूपीकरण. रंग दोन्हीकडे एकाच दुकानातला असतो. हे मला आधी कळलं नव्हतं.

आमचा गट असा: मी, चित्रकलेची निवृत्त शिक्षिका, माझ्या शिकवणीला येणारी पाच मुलं, कला महाविद्यालयातल्या दोघी, आणि पेंटरकाका. पेंटरकाकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत त्यांचं काम बंद पडलं. आमच्यात खऱ्या अर्थाने भिंत कळणारे ते एकटेच. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, “ताई, ही खालून ओल ओढते. दोन फूट लोणा लागलेला आहे. यावर काढाल तर दिवाळीपर्यंत पोपडे येतील.” मग खालचा दोन फूट गिलावा खरवडून नवा केला आणि तो वाळायला तीन आठवडे थांबलो. मुलं कंटाळली, पण काका ऐकेनात. मग प्राइमर, त्यावर बाहेरच्या भिंतीच्या इमल्शनचे पांढरे दोन हात. 340 चौरस फुटांना सात लिटर लागलं. मग दोरीला गेरू लावून फटकारलेल्या एक फुटाच्या चौकटी, आणि लहान चित्रावरून एकेक चौकट मोठी करत जाणं. पिवळा आणि गुलाबी उन्हात लवकर उडतात, म्हणून ते रंग काकांनी मुद्दाम एक छटा गडद घ्यायला लावले. पुढे जे झालं त्यात या सगळ्या काळजीचं एक वेगळंच फळ मिळालं, ते शेवटी सांगते.

चित्र होतं कान्ह नदीचं. आमच्या आईच्या पिढीच्या तोंडी ती खान नदी. शहरातून निघून पुढे उज्जैनला क्षिप्रेला मिळते, पण आजच्या मुलांनी तिला नदी म्हणून पाहिलेलंच नाही. वस्तीतल्या सहा आजींना बसवून आम्ही विचारलं की तुमच्या लहानपणी काठावर काय होतं. त्यांनी सांगितलं ते काढलं: घाटाच्या पायऱ्या, पिळलेल्या लुगड्यांच्या वळकट्या, चिंचेचं झाड, बगळे, पाण्यात तीन कमळं, आणि उजव्या टोकाला दिवा सोडणारा एक सुरकुतलेला हात. त्यातल्या एका आजीने तिथेच ओवी रचली, ती हाताखाली लिहिली:

कान्हबाई, कान्हबाई, हळू हळू वाहा गं
काठावरी माहेर माझं, थांबून जरा पाहा गं

इंदूरमध्ये असं काही करावंसं वाटणं मला नवलाचं वाटत नाही. देवळालीकर मास्तरांनी 1927 मध्ये इथे चित्रशाळा सुरू केली, तिथे चित्रकार बेंद्रे शिकले, हुसेन शिकले. विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळलेली पानं, मोडक्या वस्तू, चिंध्या, म्हणजे जे लोक फेकून देतात त्यातून चित्रं घडवली. कचरा वेगळा करायला शिकलेल्या या शहराला कचऱ्यात आकार पाहायला शिकवणारा माणूस आधीच मिळाला होता. मुलांना मी दर रविवारी हे सांगत असे.

परवानगीचं सांगायला हवं, कारण प्रकरण तिथेच फसलं. सुरू करण्याआधी मी आणि पेंटरकाका कार्यालयात गेलो होतो. तेव्हाचे मोठे साहेब मागच्या दारापर्यंत आले, भिंत पाहिली, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, “बना लो मैडम, बहुत अच्छा लगेगा.” मी म्हटलं, दोन ओळी लिहून द्याल का? ते म्हणाले, “लिखा-पढ़ी में जाओगी तो छह महीने लगेंगे.” ते खोटं बोलत नव्हते. मला मुलांच्या परीक्षा आणि पावसाळा दोन्हींच्या आधी काम उरकायचं होतं. मी मान डोलावली. त्यांनी शब्द दिला, आम्ही तो घेतला, आणि पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली. शब्दही त्यांच्यासोबत गेला.

चित्र पूर्ण झाल्यावर दहा महिने त्या भिंतीवर एक पिंक पडली नाही. रखवालदार ठेवला नव्हता, दंडाची पाटी नव्हती. बायका संध्याकाळी त्या बाजूने जाऊ लागल्या. रिक्षावाले चिंचेच्या झाडाशी, म्हणजे चित्रातल्या, सवारीची वाट पाहत. रोज त्या गल्लीतून जाणारी कोणीही बाई हे सांगेल.

मग विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली.

घोषणा झाली की आचारसंहिता त्याच क्षणी लागू होते आणि भिंतींसाठी घड्याळ सुरू होतं. सरकारी मालमत्तेवरचा राजकीय मजकूर, पोस्टर, बॅनर 24 तासांत हटवायचे, सार्वजनिक जागांवरचे 48 तासांत, खासगी मालमत्तेवरचे 72 तासांत. रोज किती हटवलं याचा अहवाल वर जातो, त्यातलेच ते चार रकाने. शिवाय 2018 पासून सी-व्हिजिल ॲप आहे. कुणीही फोटो काढून तक्रार टाकली की 100 मिनिटांत निकाल लावायचा असतो. निवडणुकीच्या काळात भिंती पक्षांनी बळकावू नयेत यासाठी हे नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. ज्यांनी जुन्या निवडणुका पाहिल्या आहेत, ज्यांच्या घराच्या कंपाउंडवर न विचारता पक्षाचं चिन्ह चढलेलं आहे, त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरकाकांचा फोन आला. “ताई, पुताईवाले आलेत.” मी वीस मिनिटांत पोचले. दोन तृतीयांश भिंत पांढरी झालेली. चार पोरं रोलर चालवत होती, एक सुपरवायझर मोबाइलवर आधीचा आणि नंतरचा फोटो काढत होता. मी त्याला थांबायला सांगितलं. तो थांबला, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते. त्याने फोन लावला, पलीकडून काही सांगितलं गेलं, आणि त्याने पोरांना खूण केली. रोलर परत चालू झाला. रोलरवाल्यांपैकी एक, जेमतेम विशीचा, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मैडम, मैंने दो बार पूछा था. बोले सब पोत दो.”

कारण काय, असं मी सुपरवायझरला विचारलं. त्याने दोन कारणं दिली. एक, लिखावट आहे. दोन, कमळ आहे. मी म्हटलं, नदीत कमळच असणार. तो म्हणाला, नदीत असेल, पण फोटोत फक्त कमळ आलं आणि कुणी ॲपवर टाकलं तर शंभर मिनिटांत मला उत्तर द्यावं लागेल. नंतर माझ्या लक्षात आलं की तिथे हातही होता. तोही एका पक्षाचं चिन्ह. आम्ही अकरा रविवार त्या भिंतीसमोर उभे होतो, नऊ जणांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. आजीच्या हाताकडे पाहून कुणाला निवडणूक आठवते?

त्या सुपरवायझरबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. तो दुष्ट नव्हता, अडाणीही नव्हता. त्याच्या जागी उभं राहून पाहिलं की हिशेब सरळ दिसतो. निरपराध चित्र पुसलं तर त्याला कुणीही जाब विचारणार नव्हतं. कमळ राहून गेलं असतं तर नोटीस, कदाचित निलंबन. तराजूच्या एकाच पारड्यात वजन असेल तर ते पारडं खाली जाणारच, तिथे कुणीही उभं असो. पुसण्याच्या धोरणातला दोष मला इथे दिसतो. काय पुसायचं हे ते सांगतं, न पुसल्याबद्दल शिक्षा ठेवतं, पण चुकून पुसलं तर काय, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

पोरं गेली तेव्हा वरचे दोन फूट शिल्लक होते, कारण रोलरची काठी तिथवरच पोचत होती. पांढऱ्या भिंतीच्या वरच्या कडेला चिंचेचा शेंडा आणि बगळ्यांची रांग. खाली ना झाड, ना पाणी.

पेंटरकाकांनी बोट ओलं करून पांढऱ्यावर फिरवलं आणि म्हणाले, “हलकं डिस्टेंपर आहे, तेही पाण्यासारखं पातळ. खाली आपलं इमल्शन. आज रात्री ओल्या स्पंजाने पुसलं तर सगळं निघेल.” रात्री नऊ वाजता आमच्या ओट्यावर बैठक झाली. मुलं बादल्या घेऊनच आली होती. मी नाही म्हटलं. आचारसंहितेच्या काळात सरकारी भिंतीवर रात्री काही करताना कुणी सापडलं असतं तर गुन्हा नोंदवला गेला असता, आणि मुलांच्या आईवडिलांना मी काय तोंड दाखवलं असतं? चार दिवसांत ते डिस्टेंपर घट्ट धरलं. तो निर्णय मला अजून टोचतो. परत वेळ आली तर मी तोच घेईन.

निवडणूक संपल्यावर मी कार्यालयात गेले. नवे साहेब, नवा बाबू. त्यांनी फाइल शोधली, शोधताना खरंच कष्ट घेतले. आमच्या भिंतीबद्दल एक कागद नव्हता. मग त्यांनी कायदा समोर ठेवला: मध्य प्रदेश संपत्ति विरूपण निवारण अधिनियम, 1994. त्याचं कलम 3 म्हणतं की मालकाच्या लेखी अनुमतीशिवाय लोकांच्या नजरेस पडणारी मालमत्ता शाई, खडू, रंग किंवा आणखी कशाने लिहून वा खुणा करून जो विद्रूप करेल त्याला हजार रुपयांपर्यंत दंड. साहेब नम्रपणे म्हणाले, “हमने तो आप पर कोई केस नहीं बनाया.” म्हणजे त्यांच्या दृष्टीने ती मेहेरबानी होती. आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होते. मूळव्याधीवाला आणि आम्ही एकाच कलमात बसत होतो.

यावर आमच्यातले काही म्हणाले की कायद्याने सुंदर आणि कुरूप यात फरक करायला हवा. मला ते पटत नाही. सुंदर काय हे एखाद्या खात्याने ठरवायचं म्हटलं तर चिंचाळकर गुरुजींच्या चिंध्या पहिल्या बाहेर पडतील. कायद्याचा ‘लेखी’ हा शब्द उलट बरा. तो सगळ्यांना सारखाच लागू आहे, आणि तो मिळवता येतो.

वकिलाकडेही गेलो. वस्तीतलेच आहेत, फी घेतली नाही. त्यांनी सांगितलं की आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं, 1957 च्या, कलम 57 आहे. कृती विकली तरी कलाकाराचा तिच्याशी असलेला संबंध तुटत नाही. तिची मोडतोड करून त्याच्या नावाला बाधा आणली तर तो दाद मागू शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प 1979 मध्ये न विचारता उतरवून कोठारात टाकलं गेलं. ते न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल 2005 मध्ये आला: उरलेले भाग परत द्या आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. कलाकृती नष्ट करणं हा मोडतोडीचाच टोकाचा प्रकार आहे, असं न्यायालयाने मानलं. ऐकून दोघी मुलींचे डोळे चमकले. मग वकिलांनी आकडे पुढे ठेवले. 1979 ते 2005, म्हणजे 26 वर्षं. आणि सहगलांचं काम सरकारने स्वतः करवून घेतलेलं होतं. आमच्याकडे रुमाल लावलेल्या साहेबांचा एक शब्द होता.

न्यूयॉर्कमधल्या फाइव्ह पॉइंट्झ या भित्तिचित्रांनी भरलेल्या इमारतीचं प्रकरणही त्यांनी सांगितलं. मालकाने 2013 मध्ये एका रात्रीत चित्रं पांढरी करून टाकली आणि 2018 मध्ये न्यायाधीशांनी 21 कलाकारांना 67 लाख 50 हजार डॉलर द्यायला लावले. रकमेपेक्षा मला त्यातली एक अट महत्त्वाची वाटली. तिथल्या कायद्यात चित्र हलवता येण्यासारखं असेल तर मालकाने कलाकाराला 90 दिवसांची लेखी नोटीस द्यायची असते. मला 90 नकोत. पंधरा दिवस मिळाले असते तर आम्ही चौकट न चौकट फोटो काढले असते, ओवी रचणाऱ्या आजींना एकदा परत तिथे नेलं असतं. त्यांनी चित्र पूर्ण झालेलं एकदाच पाहिलं. गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही.

आणि निवडणुकीसाठी तर पुसायचीही गरज नव्हती. 2012 च्या उत्तर प्रदेश निवडणुकीत लखनौ आणि नोएडातले दगडी हत्ती निवडणूक आयोगाच्या आदेशाने झाकले गेले होते. हत्ती एका पक्षाचं चिन्ह, म्हणून. हत्ती कुणी फोडले नाहीत, मतदान झालं आणि आवरणं निघाली. दगडाला जी मुभा मिळते ती रंगाला का नाही? आमच्या तीन कमळांना आणि एका हाताला दोन जुन्या चादरी पुरल्या असत्या. त्या मी माझ्या कपाटातून दिल्या असत्या.

या विचारातून आम्ही एका पानाचा अर्ज तयार केला. भिंतीचं माप, चित्राचा लहान नमुना, त्यात येणाऱ्या प्रत्येक अक्षराचा हिंदीत अर्थ, तीन वर्षांची मुदत, मालक कार्यालयाची सही आणि शिक्का. खाली दोन अटी: आचारसंहितेत आक्षेप असलेला भाग कापडाने झाकावा, अन्य कारणाने चित्र काढायचं असल्यास पंधरा दिवस आधी लेखी कळवावं. तिसऱ्या खेपेला बाबूंनी तो ठेवून घेतला आणि आवक क्रमांक दिला.

दोघींपैकी धाकटीला हा अर्ज मान्य नाही, आणि तिचं म्हणणं मी इथे नोंदवायलाच हवं. ती म्हणते, “ताई, लेखी मागितलं असतं तर नमुना पाहून आधी कमळं गेली असती, मग हात, मग मराठी ओवीच्या जागी घोषवाक्य आलं असतं. उरली असती कचऱ्याची पेटी आणि हसणारी पोरं. आपलं चित्र दहा महिने जगलं कारण आपण कुणाला दाखवलं नव्हतं.” मी तिला उत्तर देऊ शकले नाही. माझ्या वयात माणूस शिक्क्याकडे वळतो, तिच्या वयात भिंतीकडे. तिने अर्जावर सही केली नाही, आणि मी आग्रह धरला नाही.

पेंटरकाकांचा राग तिसऱ्याच गोष्टीवर होता. “पोतायचंच होतं तर नीट तरी पोतायचं,” असं ते जाता-येता म्हणत. “ना घासलं, ना प्राइमर. हे टिकतंय होय?” टिकलं नाही. पुढच्या पावसाळ्यात पातळ डिस्टेंपर आमच्या इमल्शनवरून पापुद्रे होऊन सुटायला लागलं. आधी घाटाच्या दोन पायऱ्या दिसल्या, मग एक कमळ, मग भाद्रपदातल्या पावसात आजीचा हात मनगटापर्यंत. काकांनी गडद घ्यायला लावलेला गुलाबी जसाच्या तसा आहे. ओवीतला ‘थांबून जरा’ एवढाच तुकडा वाचता येतो. जिथे भिंत अजून पांढरी आहे तिथे पिंका परतल्या आहेत. जिथे नदी वर आली आहे तिथे नाहीत.

गेल्या महिन्यात कार्यालयातल्या बाबूंचा फोन आला. भिंत आता अर्धी अशी, अर्धी तशी दिसते, वरून तपासणी येणार आहे, तेव्हा पुन्हा पुताई करून घ्यायची का, की आणखी काही करता येईल, असं त्यांनी विचारलं. दोन वर्षांत कुणी आधी विचारायची ही पहिली वेळ. मी म्हटलं, जे विचारताय ते मला लिहून पाठवा, मी लिहून उत्तर देते. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “आपका आवेदन तो लगा ही हुआ है न, आवक नंबर बताइए.”

नंबर मला पाठ होता. मी सांगितला, आणि पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.